लांब शेपटीचा दोन

उचगाव,
१२ जून २००६

चि. जोतीराम,
सप्रेम जयभीम. इकडं आम्ही मायलेकी बऱ्या आहोत.

संघप्रियाच्या मुलाखतीला दहा दिवस झाले. ती इथंच दवाखाना टाकणार होती. शरीररचनेच्या अधिव्याख्यात्याची राखीव जागा तुमच्या मेडिकल कॉलेजात सहा वर्षं रिकामी आहे, म्हणून तूच अर्ज भरायला लावलास. शिकवणाऱ्यांत आपलं माणूस दिसलं तर मागून येणारी पोरं टिकतील, हे तुझं वाक्य ती अजून घोकते. शेजारची बनाबाई रोज विचारते की मामा आत खुर्चीत बसलाय, मग पोरगी अजून दारातच कशी.

हे असते तर पोस्टमनला वाटेतच गाठलं असतं. जन्मभर सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय, पण तू डॉक्टरकीला लागलास तेव्हा साऱ्या वॉर्डाला पेढे वाटले. जाऊन चार वर्षं झाली, तरी काही कळलं की मी आधी त्यांच्या खाटेकडं बघते.

पेपरातल्या फोटोत तुझ्या कोटाची गुंडी लागत नव्हती. भात कमी कर.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आक्का

२६ जून २००६

ती. आक्कास,
सादर जयभीम.

वाईट वाटून घेऊ नकोस. योग्य उमेदवार नाही, असा शेरा पडून जागा पुन्हा रिकामी राहिली. भाची म्हणून मी नियमाप्रमाणे बाहेर बसलो, माझ्या जागी दुसऱ्याला घेतलं. मी आत असतो तर वेगळं झालं असतं. आपली पोरं या लोकांना खपत नाहीत. तिचं गावाकडचं बोलणं ऐकून हसले म्हणे. थोडी सफाई आण म्हणावं. माझं विभागप्रमुखपद नक्की होत आलंय, तेवढं झालं की बघतो.

थोरल्या बहिणीचा हात डोक्यावर असू दे.
जोतीराम

उचगाव,
२२ सप्टेंबर २००६

जोतीराम,
जयभीम.

माहितीच्या अधिकारात मी अर्ज केला होता. गुणपत्रकाची झेरॉक्स आली. परीक्षकांची नावं झाकली आहेत, हातानं लिहिलेले गुण दिसतात. दहापैकी एकाचे सात, दुसऱ्याचे पाच, तिसऱ्याचे दोन. मुलाखतीला पोरीसमोर दोघंच होते, तिसऱ्यानं तिला न भेटता नुसत्या कागदपत्रांवरून गुण घातले आहेत. बेरीज चौदा. पंधरा लागत होते.

त्या दोनाची शेपूट पुढच्या रकान्यात गेली आहे. तुला शाळेत पोचवून तू सुटेपर्यंत मी पायरीवर बसायचे आणि घरी तुझ्या पाटीवरून आकडे गिरवायचे. गुरुजी त्या दोनाला बैलाची शेपूट म्हणायचे. छड्या खाल्ल्यास, पण ती आखडली नाही. मला मारायला गुरुजी नव्हते, माझीही तशीच राहिली.

परकी माणसं हसली असतील, पण त्यांनी सात आणि पाच दिले. पोरगी कमी पडली असं तुला वाटलं, तर तसं लिहायचं होतंस. मी ऐकलं असतं. बाहेर बसलो, असं कशाला लिहिलंस?

संघप्रियाला कागद दाखवलेला नाही. मामा आत असता तर जागा मिळाली असती, असं ती अजून म्हणते.

पुढच्या महिन्यात यांचा स्मृतिदिन. दरसाल वंदना तू घेतोस. यंदा ये, आणि आधी तिला समोर बसवून सांग. नाही आलास तर कागद मी तिच्या हातात देईन.

दोन आपला नव्हेच म्हणशील, तर वर मी घातलेली तारीख बघ.

माया ठेव, असं लिहायला आज हात उचलत नाही.
आक्का