रांजणाखालचा पाहुणा

आई, मागच्या अंगणातली फरशी मी फोडली. तीच, तू गेल्यावर बाबांनी बसवलेली. दुपारभर सब्बलीने घाव घातले आणि जिथे तुझा रांजण असायचा तिथे खड्डा खणला. आता तिथे पाणी आहे, दोन माणसं आडवी होतील एवढं तळं. शेजारची काकू त्याला डबकं म्हणते. बाबा नावच घेत नाहीत, नुसतं "ते तुहं" म्हणतात.

कॉलेज सोडलं हे आधी सांगायला हवं होतं. दुसऱ्या वर्षाच्या मध्येच. मला एक मुलगी आवडायची, वर्गातला एक पोरगा तिच्याबद्दल काहीतरी बोलला, माझं डोकं सटकलं, मी त्याची कॉलर धरली. सर म्हणाले माफी माग. मी बॅग उचलली आणि निघालो तो निघालोच. वाटलं, तिच्यासाठी केवढं केलं आपण! ती सेलूची, रोज बसने वर्ध्याला यायची. संध्याकाळी तिला बसस्टँडवर गाठलं, म्हटलं चल, गाडीवर सोडतो. ती म्हणाली, "तुले कोणी सांगतलं होतं भांडाले?" मी तिच्या बॅगेचा बंद धरला. लोक वळून पाहायला लागले. तिने बंद सोडवून घेतला. "तू बोलावत नाईस, नुसता ओढत राह्यतं," एवढंच म्हणाली आणि बसमध्ये चढली. त्यानंतर तिने माझा फोन उचललेला नाही.

तळ्याची गोष्ट मुळात तिची. तिच्या घरामागे विहिरीपाशी असंच एक छोटं तळं आहे. कँटीनमध्ये ती त्याच्याबद्दल सांगत सुटायची आणि चहा गार व्हायचा. "बेडूक आणाचा नसते. पाणी ठेवाचं, एक बाजू उतरती ठेवाची म्हंजे आत पडलेला जीव बाहेर निंघते, अन् गप बसाचं." पाणी आणि उतार, या दोन गोष्टी मला जमल्या. खाली ताडपत्री अंथरली, एका बाजूने दगडांचा उतार केला. नळाच्या पाण्याला ब्लिचिंगचा वास येत होता, तो जाईपर्यंत काही सोडलं नाही. सेलूच्या रस्त्यावरच्या तलावातून कुमुदिनीचा कांदा चिखलासकट आणला. हो, त्या रस्त्याने मी अजून उगाच जातो. तुझा रांजण तडकला तेव्हा बाबांनी त्याचा खालचा भाग टाकून न देता टाकीमागे ठेवला होता. का ठेवला, ते मी कधी विचारलं नाही. तो काठावर आडवा ठेवला, तोंड पाण्याकडे. आत गार अंधार. कुणाला राहावंसं वाटलं तर खोली तयार.

पाहुणे आले ना, आई. आधी एक लाल चतुर आला, रोज त्याच काडीच्या टोकावर बसायचा. मग पाण्यावर चालणारे लांब पायांचे किडे. बुलबुलांची जोडी अंघोळीला. एकदा मुंगूस येऊन पाणी पिऊन गेलं, जसं काही घर त्याचंच. आणि मग डासांच्या अळ्या. काकू कुंपणावरून ओरडली, "डेंगू झाला तं तुह्या बापाच्या दुकानात येऊन झोपीन मी, सांगून ठेवते!" आरोग्य खात्याच्या ताई पिशवीत गप्पी मासे घेऊन आल्या. सोड म्हणाल्या, अळ्या साफ होतील. मी म्हटलं, "नको ताई, ते बेडकाची अंडीपण खातात." त्यांनी तळ्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "कुठी आहे बेडूक?"

मी रोज सकाळी चहाच्या गाळणीने अळ्या काढू लागलो. बाबांनी पाहिलं. "नवी गाळणी आण. मी त्याच्यातला चहा पेत नसतो." मग पायरीवर बसले. म्हणाले, "पोळ्यापर्यंत पाह्यतो. बेडूक नाई आला तं मुरूम टाकतो अन् वरून फरशी. एका पोरीपायी कॉलेज सोडलं, आता आंगण बी खणून राह्यला." मी ताडकन बोललो, "ते आंगण आईचं होतं!" ते उठून आत गेले. त्या रात्री आम्ही दोघं एकमेकांकडे न पाहता जेवलो.

आणि मी तेच केलं जे मी नेहमी करतो. नालवाडीच्या पलीकडे शेताच्या बांधाशी पाणी साचलं होतं, तिथून रंगाच्या बादलीत बेडूक पकडून आणले, वर फडकं बांधून. तळ्यात सोडले. पळून जाऊ नयेत म्हणून त्यावर जुनी मच्छरदाणी ताणली आणि चारी बाजूंना विटा ठेवल्या. सकाळी पाहिलं तर सगळे जाळीला नाक लावून बसलेले. उड्या मारून मारून एकाचं नाक सोललं होतं.

तिथेच मला तो दिवस आठवला. आठवतो म्हणजे, मी त्यात उभाच आहे. मी चौथीत. पावसाने दडी मारलेली, आम्ही गल्लीतली पोरं धोंडी घेऊन निघालोय. डोक्याला कडुनिंबाचा पाला, मुसळाला दोरीने बांधलेला बेडूक, दारोदार पाणी मागतोय. बाया मुसळावर तांब्याभर पाणी ओततात, सुपातून ज्वारी देतात. आपल्या दारात तू येतेस, पाणी ओततेस, आणि मग खाली बसून गाठ सोडायला लागतेस. सगळ्यांसमोर! मी किंचाळतो, "आई, पाऊस नाई येणार मंग!" तू मान वरही करत नाहीस. "पाणी मांगाले निंघाले अन् त्याचेच पाय बांधले? बांधून आणला तो पाहुणा असते काय रे?" बेडूक दोन उड्या मारून रांजणाखाली जातो. मी मुसळ फेकतो, त्या दिवशी जेवत नाही. पाऊसही आला नाही त्या दिवशी. गल्लीतल्या पोरांनी मला कितीतरी दिवस खेळात घेतलं नाही. बेडूक मात्र रांजणाखालीच राहिला, कुणी न बांधता. तू भांड्यांचं पाणी त्याच्या अंगावर जाऊ नये म्हणून वाकून, दुसरीकडे ओतायचीस. मी सहावीत असताना तू गेलीस. फरशी बसली आणि तोही दिसेनासा झाला.

मी मच्छरदाणी काढली. संध्याकाळपर्यंत एकही बेडूक उरला नव्हता. मग पहिल्यांदाच मी गप बसलो. खरंच. अळ्या गाळायच्या, वाळलेली पानं काढायची, गवत वाढू द्यायचं. पोळा जवळ आला. बाबांनी मुरूम आणवला, फाटकाशी ढीग पडला. मी भांडलो नाही, त्याचंच बाबांना जास्त नवल वाटलं असावं.

पोळ्याच्या सकाळी बाबा मागे दात घासत होते. अचानक त्यांची हाक आली, एकदम हळू. "अबे, इकडं ये. चपला काढून ये." रांजणाच्या तोंडाशी, अर्धा आत अर्धा बाहेर, एक बेडूक बसला होता. गळा तेवढा हलत होता. बादलीतलाच परत आला की कुठला नवा, सांगता येत नाही. नाक मात्र धड होतं. बाबांच्या तोंडात पेस्टचा फेस. तिथे थुंकले नाहीत. अंगणाला वळसा घालून पार दुसऱ्या टोकाच्या नालीपर्यंत गेले, तिथे चूळ भरली. परत येऊन म्हणाले, "तुह्या मायचा पाहुणा दिसते." मुरूम आम्ही दोघांनी मिळून फाटकाशी चिखल होतो तिथे पसरवला.

फोटो काढला. तिला पाठवावा म्हणून बोट गेलं होतं, मग फोन खिशात ठेवला. ती येईल की नाही, मला माहीत नाही. वाट पाहतोच आहे, ते काही सुटत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं? पेटी नाही, पत्ता नाही. घडी करून रांजणात ठेवावं म्हटलं, पण तिथे आता तो राहतो. एकच सांगायचं राहिलं. वर तुझं बोलणं लिहिलं ना, ते लिहिताना मला मावशीचा आवाज ऐकू येत होता. तुझे शब्द सगळे आठवतात, आई. आवाज आठवत नाही.