मंगळवारची बाई

शहापूर,
बुधवार, ता. ६ फेब्रुवारी १९६३

प्रिय सुंदराबाय हिस,

धाकटी बहीण गोदूचा नमस्कार. इकडे मी, तुझे मेहुणे आणि दोन्ही मुलं बरी आहोत. तुमच्याकडेही सगळी खुशाल असाल. पत्राच्या माथ्यावर श्री घातलेला नाही. विसरले म्हणून नव्हे. त्याचं कारण सांगणार आहे, पण आधी दुसरं लिहिते, म्हणजे हात जरा चालू लागेल.

तू रेडिओवर बोलतेस ते आम्ही ऐकतो. पंचायतीच्या ओट्यावर रेडिओ ठेवलाय. मंगळवारी सकाळी बायकांचा कार्यक्रम लागतो. समोरच विहीर आहे, त्यामुळे पाण्याच्या निमित्तानं दहा-बाराजणी जमतात. तिथं तुझं नाव सुनंदाबाई सांगतात, पण पहिल्याच दिवशी मी आवाज ओळखला. तू 'बरं का' म्हणतेस ना, ते अजून तसंच म्हणतेस. इथं कुणाला ठाऊक नाही. सगळ्या 'मंगळवारची बाई' म्हणतात.

तुझं बोलणं छान असतं, पण सगळंच पटत नाही. जुन्या साडीचे खिडकीला पडदे करा म्हणालीस. आमच्याकडे साडी जुनी झाली की तिची गोधडी होते, आणि खिडकी आहेच कुठे? दुपारी गृहिणीनं अर्धा तास पाय उंच ठेवून पडावं म्हणालीस, तेव्हा वाडीवरची ठकू डोक्यावर मोळी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आन् मोळी कोन इकनार गो, तुजा बापूस?" सगळ्या हसल्या. मीही हसले. न्याहारीला एखादं फळ घ्यावं म्हणालीस, त्यावरही हसलो. पाणी उकळून प्यायला सांगितलंस ते मात्र मी ऐकलं. दोन पावसाळे झाले, मुलांना हगवण नाही. हे तुझ्यामुळे.

एक बाई आमच्यात कधी हसायची नाही. भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकायची. कार्यक्रम संपला की पदर झटकून उठायची आणि घरची वाट धरायची. पाय सुजले होते, दम लागायचा, तरी मंगळवार चुकवायची नाही. मला वाटायचं, करमणूक म्हणून येते. तिनंही तुझा आवाज ओळखला होता, हे मला फार उशिरा कळलं.

सुंदराबाय, ती आई होती.

आता नीट वाच. दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, तुझं पत्र आलं होतं. आईच्या नावानं. बा गेल्याचं तुला उशिरा कळलं, आता येऊन तिला भेटू का, असं तू विचारलं होतंस. बा गेल्यापासून आई माझ्याकडेच राहत होती. तिला वाचता येत नव्हतं, आणि पोस्टमननं पत्र माझ्या हातात दिलं. मी दारातच उभ्यानं वाचलं आणि चुलीत घातलं. तुला कार्ड टाकलं, की आई दिवाळीत गेली, आता येण्याचं कारण उरलं नाही.

आई गेली नव्हती. आत तांदूळ निवडत बसली होती.

का केलं? तेव्हा मनाशी म्हटलं, नणंदेचं, यमूचं, लग्न ठरतंय. परजातीत गेलेली बहीण दारात आली तर स्थळ मोडेल. पण खरं ते नव्हे. तू ठाण्याला मास्तरणीचं शिकायला गेलीस आणि तिकडेच लग्न केलंस. बानं तुझ्या नावानं अंघोळ केली. आठ दिवसांत माझं मुरबाडचं स्थळ मोडलं. तो मुलगा मी पाहिलेला होता, सुंदराबाय. मला आवडला होता. नंतर पाच वर्षं कुणी विचारलं नाही आणि शेवटी दोन मुलांच्या बापाला दिली. तुझे मेहुणे चांगले आहेत, मुलं मला आईच म्हणतात. पण तुझ्या पत्रात तुझ्या घराचं, तुझ्या नव्या कामाचं सुखाचं लिहिलेलं वाचलं, आणि मला वाटलं, हिला सगळं मिळालं, आता आईही पाहिजे का?

ता. ८ जानेवारीच्या मंगळवारी तू आजाऱ्याच्या शुश्रूषेवर बोललीस. अंथरूण कसं बदलावं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करावं. मग म्हणालीस, "माझ्या कैलासवासी आईची सेवा माझ्या हातून घडली नाही, म्हणून मी तुम्हां बहिणींना सांगते, बरं का."

मी आईकडे पाहिलं. तिनं डोळे उघडले होते.

घरी येईपर्यंत ती तीनदा बसली. उंबऱ्यावर टेकली आणि म्हणाली, "गोदू, मी मेल्याचं तिला कुनी सांगितलं?"

मी म्हटलं, "मी."

"कदी?"

"दोन वरसं झाली."

ती ओरडली नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "म्हंजे दोन वरसं पोर माझ्या नावानं रडते." मग म्हणाली, "आताच्या आता लिव. आय जिती हाय, ये, म्हून लिव."

मी तिच्यासमोर पत्र लिहिलं. पाकीट घेऊन पोस्टापर्यंत गेले. पेटीसमोर उभी राहिले आणि परत आले. तू येशील, सगळ्यांसमोर माझं कार्ड बाहेर काढशील, तुझे मेहुणे माझ्याकडे बघतील, हेच डोळ्यांपुढे येत होतं. आईनं विचारलं, "टाकलंस?" मी "टाकलं" म्हणाले. पाकीट पिठाच्या डब्यामागे ठेवलं. उद्या टाकू, उद्या टाकू, असं रोज म्हणत होते.

आई रोज दारात बसायची. नाशिककडून मोटार आली तरी मान वर करायची, मुंबईकडून आली तरी करायची. केस विंचरून घेतले. दुसऱ्या आठवड्यात तिला उठवेना, तेव्हा अंथरूण दाराकडे ओढायला लावलं. तू रेडिओवर सांगितलं होतंस तसं मी तिला कुशीवर वळवत होते, पाठ पुसत होते. तिला एकही जखम झाली नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी म्हणाली, "राग असंल तिला. असूं दे. आल्यावर तिला बोलू नको गो."

तेव्हाही मी सांगितलं नाही. तिच्या कानाशी तोंड नेलं होतं. मग तिची उशी सारखी केली.

बुधवार, ता. २३ जानेवारी, दुपारी बाराच्या सुमारास आई गेली. तू पत्र मिळूनही आली नाहीस, असं समजून गेली. परवा तेरावं झालं. तुझ्या मेहुण्यांना काल सगळं सांगितलं. ते जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर मी स्वतः जाऊन तिला आणलं असतं." तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत.

काल मंगळवार होता. मी विहिरीवर गेले. तू उन्हाळ्याच्या पापडांचं सांगत होतीस आणि मधेच हसलीस. बायका ऐकत होत्या. तुला काहीच ठाऊक नाही, हे त्या ओट्यावर एकट्या मला ठाऊक होतं. मला तिथं उभं राहवेना. भरलेली घागर तिथंच टाकून आले.

आधीचं पाकीटही यात घातलं आहे. अक्षर माझं, शब्द आईचे आहेत. ते आधी वाचू नको म्हणणार होते, पण आता कुठलं आधी आणि कुठलं नंतर?

माफ कर असं लिहीत नाही. यायचं असलं तर ये. कचेरीच्या मागे, सरकारी चाळीत तिसरी खोली. दार मी उघडीन. तुला जे बोलायचं असेल ते चारचौघांत बोल, मी खाली मान घालून ऐकीन. आईनं मला एवढंच सांगितलं होतं की तुला बोलायचं नाही. मी बोलणार नाही.

तुझी बहीण म्हणवून घ्यायला तोंड नसलेली,

गोदू