सात नंबरची नळी

ती. मामांना,

भाचीचा नमस्कार. (साष्टांग मी कधी घातलेला नाही, म्हणून लिहीत नाही. जे घडलं तेवढंच लिहायची सवय प्रयोगशाळेने लावली आहे.) तब्येत कशी आहे असं रीतीप्रमाणे विचारायला हवं, पण तुम्ही "ठणठणीत" असंच उत्तर देणार आणि या पत्रातला सगळा घोटाळा त्या एका शब्दातून झाला आहे, तेव्हा तो प्रश्न तूर्त बाजूला ठेवते. मामीलाही नमस्कार. तिची तब्येत चांगली आहे हे मला माहीत आहे, कारण ती खरं सांगते.

आमच्या प्रयोगशाळेतलं गळकं सिंक दुरुस्त करायला तुम्ही आलात, तिथून सुरुवात करते. त्या सिंकबद्दल आम्ही तीन लेखी तक्रारी केल्या होत्या. चाळीस वर्षं नळकाम केलेल्या माणसाने ते अकरा मिनिटांत थांबवलं (मी घड्याळ लावलं होतं), आणि आमच्या प्रमुख मॅडम, ज्या सहसा कशावरच खूश होत नाहीत, तुमच्यावर खूश झाल्या. त्यांना त्याच आठवड्यात साठीपुढची, मधुमेह नसलेली माणसं रक्त द्यायला हवी होती. त्यांनी नुसतं विचारलं, तोवर तुमची बाही वर गेली होती. अर्जावर "मधुमेह आहे का?" या प्रश्नापुढे तुम्ही "नाही" लिहिलंत आणि खाली ठळक रेघ मारलीत. रेघ कोणी मागितली नव्हती.

मी दिवसभर काय करते असं तुम्ही तेव्हा विचारलं होतंत, आणि मी घाईत अर्धवट उत्तर दिलं होतं. रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकेरी थर असतो. त्या पेशी मी काचेच्या बश्यांमध्ये वाढवते, त्यांना वेगवेगळ्या माणसांच्या रक्तातला पिवळसर द्रव देते आणि कुठल्या बशीतल्या पेशी लवकर म्हाताऱ्या होतात ते मोजते. म्हातारी पेशी एका रंगात बुडवली की निळी दिसते. यावर तुमचं म्हणणं होतं की हे पाइपच झाले, आतून खराब झाला की तुकडा बदलायचा. मामा, पाइपला जीव नसतो. इथलं अस्तर जिवंत आहे, आणि रक्तात साखर फार काळ जास्त राहिली की ते वेळेआधी म्हातारं होतं. तशी पेशी मरत नाही. ती नुसती ऐसपैस पसरते, कामाला हात लावत नाही, आणि शेजारणींचे कान भरून त्यांनाही आपल्यासारखं करून ठेवते. (नात्यातल्या कुणाशी साम्य आढळल्यास तो योगायोग नाही, पण मी नाव घेणार नाही.) ज्या वाहिन्या सगळ्यात बारीक, त्यांचं आधी बिघडतं: डोळ्याच्या, मूत्रपिंडाच्या. पायांचीही गत तीच. बदलायचा तुकडा कुठल्या दुकानात मिळत नाही.

तर झालं असं की निरोगी माणसांच्या बारा बश्यांपैकी अकरा शहाण्यासारख्या वागल्या आणि सात नंबरची निळी झाली. थोडीथोडकी नाही, दौत लवंडल्यासारखी. आमच्याकडे नळ्यांवर फक्त आकडे असतात, कारण रक्त कोणाचं हे मोजणाऱ्याला कळलं तर त्याची नजर बदलते. त्यामुळे सात नंबर कोण, हे मलाही माहीत नव्हतं आणि मॅडमनाही. मॅडमनी एकच निष्कर्ष काढला: मी मधुमेही गटाचा द्रव चुकून निरोगी बशीत घातला. त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला. शेजारच्या टेबलावरचे ज्येष्ठ सहकारी मात्र बोलले, की हात नवे असले की असं होतं. माझे हात पाच वर्षं जुने आहेत. मी प्रयोग पुन्हा केला. तीन वेळा, तीन रविवार. तिन्ही वेळा निळी.

तोपर्यंत मी छोट्या नळ्यांत वाटून ठेवलेला द्रव वापरत होते. चौथ्या वेळी संशय नको म्हणून थंड कपाटातून सात नंबरची, राखीव म्हणून न उघडता ठेवलेली दुसरी मूळ नळी काढली. तिच्या टोपणावर पांढरी पट्टी गुंडाळलेली होती. नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती, घड्याळाच्या दिशेने, तीन वेढे, टोक अंगठ्याने दाबलेलं. रक्त घेणाऱ्या बाई नंबर लिहायला वळल्या असतील, आणि तुम्हाला टोपण सैल वाटलं असेल.

मॅडम मागेच उभ्या होत्या. "हे काय आहे?"

"गळू नये म्हणून."

"कोणी लावलं?"

संध्याकाळी मामीला फोन केला (हे नियमात बसत नाही). तिने आधी दार लावून घेतलं. मग म्हणाली, "डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय गं. गोळ्या ह्यांच्या हत्यारांच्या पिशवीत आहेत, वायसरच्या डबीत. पाकीट फोडलेलंसुद्धा नाही. म्हणतात, मला काही दुखत नाही."

मामा, त्या बशीतही काही दुखत नाही. तिच्याकडून हूं नाही की चूं नाही.

आता माझी अडचण. रक्त देणाऱ्याने स्वतः अर्ज दुरुस्त केल्याशिवाय सात नंबर वगळता येत नाही, आणि तो वगळला नाही तर चूक माझ्या हातांची ठरते. पुढच्या सहा महिन्यांची माझी मुदतवाढ त्यावर अडली आहे. सोबत कोरा अर्ज आहे. "नाही"च्या जागी "आहे" लिहा आणि सही करा. रेघ नको.

आपली भाची

ता. क. वरच्या पत्रात एक गोष्ट खोटी आहे. ती पट्टी पाहून, नळीला बाहेरचा हात लागला म्हणून, मॅडमनी सोमवारीच सात नंबर वगळला आणि माझी चक्क माफी मागितली. मुदतवाढही झाली. पण दुसऱ्याकडे गळतंय म्हटलं की तुम्ही पाना घेऊन धावता आणि स्वतःसाठी खुर्चीतून उठत नाही, म्हणून तसं लिहिलं.

ता. क. २ खरं काम हे आहे: मंगळवारी सकाळी नऊ वाजता, उपाशीपोटी. रक्त, डोळे, पाय. रुग्णालयात नाव नोंदवलं आहे.

ता. क. ३ नावं दोन नोंदवली आहेत. तुमच्यासाठी घेतलेलं साखर मोजायचं यंत्र नीट चालतंय का ते पाहायला मी माझंच बोट टोचलं होतं. यंत्र नीट आहे. उपाशीपोटी एकशे एकतीस, आणि दुसऱ्या दिवशी एकशे अठ्ठावीस. (एकशे सव्वीसपासून पुढे मधुमेह.) अजून कुणाला सांगितलेलं नाही. एकटीने जायला दोनदा निघाले, आणि दोन्ही वेळा रुग्णालयासमोरचा रस्ता ओलांडून परत आले. तुम्ही येणार असाल, तर पावणेनऊला मी फाटकापाशी उभी असेन.