पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात

म्युनिक, नोव्हेंबर १९५४

माझ्या मिन्नी,

खोकला गेला. तू विणलेले मोजे शूटिंगलाही काढत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? कोळशाची बादली स्वतः उचलत नाहीस ना?

तुझी बहीण विचारेलच, "भावजी पुन्हा पोस्टमनच का?" तिला सांग, या वेळी रशियाच्या कैदेतून सुटून आलेला सैनिक आहे! संवाद मात्र एकही नाही. स्टेशनवर बायका बेपत्ता मुलांचे फोटो धरून उभ्या असतात आणि मी प्रत्येकीसमोर 'नाही पाहिला' अशी मान हलवत पुढे जायचं.

फोटो सिनेमा कंपनीनेच वाटले होते. पण एका म्हातारीने स्वतःच्या मुलाचा आणला होता. मी नट आहे हे ठाऊक असूनही ती कुजबुजली, "नीट बघा ना हो." मी मान हलवली. तिला रडू आवरेना.

दिग्दर्शक ओरडला, "आजीबाई, काय सुंदर रडलात! आता असंच पुन्हा एकदा!"

डोळे पुसत ती मला म्हणाली, "गावोगावी लागेल ना हा सिनेमा? कुणीतरी ओळखेल याला."

मिन्नी, माझ्या पाकिटातला आपल्या ओटमारचा फोटो मी तिच्या दुसऱ्या हातात दिला. तिने दोन्ही उंच धरले. कॅमेरा सुरू झाला आणि मी चालत आलो.

सिनेमा आपल्या श्टायरला लागला की जा. माझ्याकडे बघू नकोस, डाव्या कोपऱ्यात म्हातारीच्या हातांकडे बघ. आपला पोरगा हसतोय.

त्याच्यासमोर मी मान हलवतो, ते मात्र खरं धरू नकोस.

तुझाच,
गॉटफ्रीड