नागपूरची कवळी

३ जानेवारी १९५७, सकाळी ६
नवी वही. आजपासून रोज लिहायचे, आणि फक्त खरे लिहायचे. तेहतीस वर्षे तहसील कचेरीत रेकॉर्ड सांभाळले. खरे लिहिणे अंगवळणी आहे.
ही जाऊन अकरा महिने होत आले. मी उत्तम आहे. स्वतःचे स्वतः पाहतो. फक्त टाळूची आग होते. चहा गरम असेल.
उषाचे पत्र आले. वर्षश्राद्धाला खंडव्याहून येते. लिहिते, बाबा, तुम्ही एकटे कसे राहता ते मी डोळ्यांनी बघणार. जमत नसेल तर घराला कुलूप लावून तुम्हाला घेऊन जाणार.
बघू दे. एक महिना आहे.

५ जानेवारी
चहा गार करून प्यालो. आग आहेच. म्हणजे चहाचा दोष नाही.
कारण सापडले. हिंदी. नोव्हेंबरात राज्य नवे झाले, राजधानी नागपूरची उठून भोपाळला गेली, आणि पेन्शनच्या कामाला कचेरीत गेले की सगळे शुद्ध हिंदीत. बाजारातली हिंदी जन्मभर बोललो, पण ती आपली. ही वेगळी. ‘प्रार्थनापत्र’ म्हणताना वरची कवळी सुटून खाली येते. कवळी नागपूरची आहे, एकोणपन्नास सालची. मराठी तोंडाच्या मापाने केलेली. तिने भोपाळचे शब्द का सोसावेत?
निश्चय: शुद्ध हिंदी बंद.

८ जानेवारी
तीन दिवस हिंदी बंद. खबरदारी म्हणून बाजारचीही. भाजीवाल्याने मुका समजून कोथिंबीर जास्त दिली.
आग कमी नाही. जीभ पांढरी. कवळी काढून आत पाहायला हवे होते. वेळ नव्हता.

९ जानेवारी
शेजारच्या सोजरबाई दोन्ही वेळची भाकरी पाठवतात. आज स्वतः घेऊन आल्या आणि दारातच विचारले, दादा, रात्री दात काढता ना? वहिनी रोज तुमच्यापुढे हात धरायच्या, काढा म्हणायच्या, घासून वाटीत ठेवायच्या, मी पाह्यलंय.
मी म्हणालो, काढतो.
हे खोटे नव्हे. काढण्याचा विचार रोज असतो. अडचण वाटीची आहे. हिची तांब्याची वाटी, काठाला पोचा, बुडाला ‘मथुरा’ कोरलेले. तेराव्याला हिची भांडी गिरधर भटजींना दान दिली, त्यात ती गेली. माझ्याच हाताने दिली. त्या दिवशी लक्ष नव्हते.
घरात आणखी अकरा वाट्या आहेत. पण त्या जेवणाच्या. त्यांत दात ठेवणे स्वच्छतेला धरून होणार नाही.

१२ जानेवारी
भाकरी चावत नाही. इतवाऱ्याच्या बाजारातून पाव शेर मावा जिलेबी आणली, खव्याची. मऊ. दुखऱ्या तोंडाला जिलेबी हे औषधच म्हणायचे. सकाळ-संध्याकाळ घेणार.

१४ जानेवारी
संक्रांत. कुणी तिळगूळ दिला नाही. दुखवट्याचे वर्ष. बरेच झाले, तीळ कवळीखाली जातात. जिलेबी घेतली.

१५ जानेवारी
कचेरीतला जुना सोबती देवराम नेपानगरहून आला. हल्ली तिथे कागदाच्या गिरणीतल्या लेकाकडे असतो. माझे तोंड पाहून म्हणाला, अरे भाई, पेनिसिलीन! त्याच्या सुनेच्या घशासाठी आणलेल्या चघळायच्या गोळ्या उरल्या होत्या, त्या देऊन गेला.
दिवसाला पाच चघळणार. आजार हटलाच समजा.

१९ जानेवारी
गोळ्या संपल्या. पांढरेपणा आता गालांच्या आतूनही. म्हणजे औषध लागू पडले; आतला रोग बाहेर येतो आहे.

२२ जानेवारी
रोग फारच बाहेर आला. दातांच्या डॉक्टरकडे गेलो. इतवाऱ्यात नवा आला आहे. वयाने लहान, तोंडाने फटकळ.
म्हणाला, काका, कवळी काढा. काढली. आरसा धरला. टाळूवर कवळीच्या आकाराचा लालभडक डाग, कडा अगदी सरळ. कचेरीत असा स्वच्छ शिक्का कधी उमटला नाही.
त्याने विचारले, रात्री काढता? मी म्हणालो, अर्थात. त्याने कवळी नाकाशी नेली आणि म्हणाला, मग रात्रभर ही राहते कुठे? नालीत?
असे बोलणे शोभत नाही. पण ऐकून घेतले.
म्हणतो, ही बुरशी. तिचे बी सगळ्यांच्याच तोंडात असते, गप्प असते. लोणच्याच्या बरणीवर बुरशी कधी धरते? ओल, अंधार, झाकण घट्ट. कवळीखाली तेच. रात्री थुंकी आटते, तोंड धुतले जात नाही, बुरशी कवळीला चिकटून वाढते. कवळी जुनी होऊन सैल झाली, ती घासून टाळू सोलते. जिलेबी म्हणजे बुरशीला खाऊ. आणि पेनिसिलीनने तिच्याशी भांडणारे चांगले जंतू मारून टाकले, आता मैदान मोकळे. साखरेच्या रोगानेही असे होते, म्हणून लघवी तपासली. तो नाही.
मी हिंदीबद्दल विचारले. त्याने पुन्हा माझ्यापुढे आरसा धरला.
जांभळे औषध दिले. कवळी काढून टाळूला लावायचे, दिवसातून तीनदा. कवळी रोज घासायची, रात्री बाहेर, पाण्यात.
निश्चय: आज रात्रीपासून. नक्की.

२३ जानेवारी, सकाळ
वाटी नव्हती म्हणून पेला घेतला. पेल्यात कवळी उभी राहिली आणि माझ्याकडे पाहून हसू लागली. परत घातली. डॉक्टरने पेला म्हटले नव्हते.

२८ जानेवारी
औषध नियमित. जीभ, ओठ, हनुवटी, तीन रुमाल जांभळे. कवळी आत असते, तेव्हा वरूनच लावतो. झिरपत असेल.
सोजरबाई म्हणाल्या, दादा, माघाच्या तोंडाला जांभळं कुठं मिळाली? मी हसलो. हसायला नको होते. त्या भाकरी ठेवून लगेच गेल्या.

४ फेब्रुवारी
उषा आली. ओठ, हनुवटी घासून साफ केली होती. तोंड मिटून ठेवले, मानेने बोललो. तिला वाटले, आईच्या आठवणीने. तीच रडली. घर झाडलेले, डबे पुसलेले पाहून म्हणाली, बाबा, तुम्ही खरंच सांभाळलंत हो.
उद्याचा दिवस गेला की जिंकलो.

५ फेब्रुवारी, माघ शुद्ध षष्ठी
वर्षश्राद्ध. गिरधर भटजी आले. पिशवीतून पळी काढली, मग वाटी. काठाला पोचा.
भटजी म्हणाले, माउलीच्या हाताची वाटी, फार शुभ. वर्षभर गावातली सगळी आचमनं हिच्यातूनच. सकाळी तीर्थही मी हिच्यातूनच घेतो.
सात वर्षे माझे दात रोज त्या वाटीत झोपले. मी गप्प राहिलो. स्वभावच आहे.
त्यांनी आचमन केले. मग म्हणाले, आता पत्नीचे नाव घ्या, मोठ्याने. मी म्हणालो, मथुरा.
उषा समोरच होती. ओरडली, बाबा, शाई प्यालात की काय? मग तिची नजर खाली गेली. म्हणाली, अगं बाई, ही तर तुमची दातांची वाटी!
भटजींची पळी हवेतच थांबली. नंतर ते विहिरीवर गेले. बराच वेळ गुळण्या ऐकू येत होत्या.
उषाने हळूच विचारले, मग वर्षभर दात कुठे ठेवत होतात?
मी म्हणालो, तोंडात. रेकॉर्डप्रमाणे उत्तर बरोबर आहे.
भटजींनी वाटी माझ्यापुढे सरकवली. मी म्हणालो, दिलेले दान परत घेत नाहीत. ते म्हणाले, हे घेतात.

६ फेब्रुवारी
काल झोपण्याआधी उषाने माझ्यापुढे हात धरला. म्हणाली, काढा. काढली.
सकाळी जाग आली तर उशाशी वाटी, घासलेली कवळी, ताजे पाणी. पाणी अजून हलत होते. बोळक्या तोंडाने म्हणालो, मथुरा, चहा.
उषा चहा घेऊन आली.
दुपारच्या गाडीने खंडवा. मी एकटा व्यवस्थित राहत होतो हे उषाने परवाच कबूल केले आहे. अडचण फक्त वाटीची होती. आता वाटी आली आहे, पण ती उषाच्या पिशवीत आहे, आणि घराची किल्लीही.