मोडेन नव्हे, टिकेन

कारंजा (घाडगे)
१६ एप्रिल २०२५

चि. सौ. कमल हिला वहिनीचा आशीर्वाद. राग असला तरी घे, आशीर्वाद परत करायची पद्धत नाही. भाऊजींना नमस्कार.

इकडे आम्ही दोघं ठीक. माझे गुडघे होते तसेच आहेत. ऊन मात्र यंदा एप्रिलातच डोक्यावर नाचून राहिलं आहे. तू माझा फोन उचलत नाहीस, आणि तुझ्या भैय्याजींचा तर नंबरच बंद करून टाकला आहेस, म्हणून कागद घेतला. फोन उचलावा लागतो. कागद दाराखालूनही आत जातो. शाळेत गुरुजी सांगायचे, पत्रात शुद्ध लिहा. जमेल तितकं लिहिते, पण चिडले की आपली बोली येईलच.

आधीच सांगून टाकते, मी तुझ्या सपनाच्या लग्नाच्या पत्रिकेसाठी लिहीत नाही. पत्रिका कारंज्यात आली. सोनाराकडे आली, पीठगिरणीवाल्याकडेही आली. गिरणीवाल्याच्या बायकोनं मला ती मुद्दाम आतून आणून दाखवली आणि म्हणाली, कागद किती भारी आहे पाहा. मी म्हटलं, भारी आहे. दळण उचललं आणि घरी आले. तो विषय तिथंच संपला. मला तुला मोडेमची गोष्ट सांगायची आहे.

आपलं हायवेवरचं कोल्ड स्टोरेज तू पाहिलं आहेस. मृग बहाराचा संत्रा भरला की तुझे भाऊ त्या इमारतीचे कैदी होतात. मशीनच्या खोलीत खाट टाकून झोपायचं, डबा तिथंच मागवायचा आणि पॅनेलवरचा थंडीचा आकडा पाहत राहायचं. चेंबरमधली थंडी जराशी उतरली की लोकांचा माल नासणार. आणि मुकेश ऑपरेटर असा, की बसल्या जागी डुलक्या घेतो. म्हणून भैय्याजी कुणाच्या बारशाला नाहीत, मयतीला नाहीत. मी त्या इमारतीला सवत म्हणते, तोंडावर म्हणते.

तुझ्या थोरल्या मयुरीच्या लग्नात त्या सवतीनं काय केलं ते तुला मी सांगायला नको. तरी एकदा लिहून टाकते, कारण आपण दोघी त्याबद्दल कधी बोललोच नाही. हळदीला हे पुढं होते. मुहूर्ताच्या जरा आधी मुकेशचा फोन आला, कॉम्प्रेसर बंद पडला, चालू होऊन नाही राह्यला. हे कुणाशी न बोलता निघाले. इकडे भटजी माइकवरून पुकारत राहिले, नवरीच्या मामांनी नवरीला मांडवात आणावं, नवरीचे मामा कुठं आहेत. आणि मामा आर्वीच्या रस्त्यानं जीप हाकत होते. शेवटी तुमच्या शेजारचे मधुकरराव मयुरीचा हात धरून आले. तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस, कमल. ते पाहणं अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. माल वाचला. बाकी काही वाचलं नाही.

सपनाचं जमलं हे कानावर आलं त्या दिवशी मी नागपूरच्या पॅनेलवाल्यांना फोन लावला. यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढच्या मृगापर्यंत विचारच केला असता. त्यांनी रोशनी नावाची इंजिनिअर पाठवली. हसतमुख पोरगी, आल्या आल्या दोन ग्लास ताक प्यायली आणि कामाला लागली. तिनं समजावून सांगितलं, पॅनेलला मोडेम जोडायचा, मोडेममध्ये सिम घालायचं, की चेंबरचा आकडा घरबसल्या फोनवर दिसतो. थंडी उतरली तर मोडेम स्वतःच फोन करून उठवतो. माणूस कुठंही असो. 'कुठंही' हा शब्द ऐकला आणि माझ्या अंगात वारं भरलं. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहत होते तो शब्द एका पोरीच्या पिशवीतून निघाला.

भैय्याजी खाटेवरून म्हणाले, "नाव काय म्हणली पोरी?"

"मोडेम, काकाजी."

"मोडेन?" हे उठून बसले. "घ्या. मशीन पयल्याच दिवशी तोंडानं सांगून राह्यली का मी मोडेन. आन मी तिच्या भरवशावर लोकायचा माल ठेवू?"

रोशनीनं इंग्रजी अक्षरं फोडून सांगितली, कागदावर लिहून दाखवली. हे म्हणाले, अक्षरं इंग्रजी असतील, माझे कान मराठी आहेत. तुला ठाऊक आहे, एकदा तुमच्या घरातल्या माणसाचं बिनसलं की बिनसलं. पोरगी बिचारी वायर गुंडाळायला लागली. तिचं पोतडं बसमध्ये चढलं असतं तर सपनाचा मामाही गेला असता.

मग मी घरात गेले आणि ताटात तांदूळ पसरून आणले. म्हटलं, नाव वाईट असेल तर बदलावं, आपल्यात नवं माणूस घरात आलं की बदलतातच. मी माहेरची पुष्पा. तुम्ही तांदळात अंगठीनं सुलोचना लिहिलं आणि मी सुलोचना झाले. टिकले का नाही? ही पण तुमच्या पॅनेलच्या घरची नवी सूनच आहे. लिहा.

यांना हसूही येईना आणि नाहीही म्हणता येईना. बराच वेळ डोकं खाजवलं, बोटातली अंगठी काढली आणि तांदळात लिहिलं, 'टिकेन'. मी मोडेमला हळदकुंकू वाहिलं. रोशनीनं यांच्या फोनमध्ये तो नंबर त्याच नावानं घालून दिला आणि दुसरा नंबर म्हणून माझा फोन जोडला. जाताना ती म्हणाली, काकू, हे मी नागपूरला सांगितलं तर कुणी खरं मानणार नाही.

पण तुझा भाऊ म्हणजे तुझा भाऊ. रोशनी गेली आणि दुसऱ्याच दिवशी टिकेन मुकी झाली. फोनवर आकडा येईना, काही येईना. हे माझ्याकडे असे पाहत होते, जणू मीच नखानं वायर तोडली. म्हणाले, नाव बदलून जात बदलत नाई. रोशनीला फोन लावला, तिलाही तिकडून काही दिसेना. तिनं विचारलं, काकाजी, अँटेना मोकळी आहे ना? हे म्हणाले, पोरी, काई फिकीर करू नको, मी तिचा पक्का बंदोबस्त केला. मला शंका आली. जाऊन पाहते तर काय, वेल्डरला बोलावून यांनी तिच्याभोवती लोखंडी पेटी ठोकून घेतली होती, वर कुलूप. महागाची वस्तू, कोणी उचलून नेली तर? लोखंडात कोंडल्यावर तिला रेंज कुठून येणार? मी म्हटलं, तुम्ही तिलेही तुमच्यासारखंच कोंडलं. कुलूप काढलं, पेटी उघडली, अँटेना बाहेर भिंतीवर लावली, आणि तुंबलेले सगळे निरोप एका दमात टणटण आले. ती मोडली नव्हती, कमल. नुसती बंद दाराआड होती.

मग मी हट्ट धरला, आता परीक्षा घ्यायची. रविवारी जीपमध्ये बसवून यांना पवनारला नेलं. चेंबर भरलेले असताना हा माणूस कारंज्याबाहेर पडला, हेच मला देव पावल्यासारखं होतं. धाम नदीच्या काठी सावलीत डबा उघडला. हे घास कमी खात होते आणि फोन जास्त पाहत होते. माझी भाकर अर्धी झाली असेल नसेल, फोन वाजला. वर नाव, टिकेन. हे ताडकन उठले आणि खिसे चाचपायला लागले. जीपची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मी म्हटलं, देत नाही. आधी मुकेशला फोन लावा.

दोन नंबरच्या चेंबरची थंडी उतरून राहिली होती. मुकेश म्हणे, कॉम्प्रेसर तर मस्त चालू आहे. हे ओरडले, मंग दार पाय, दार. दार उघडंच होतं. हमालांनी क्रेट आत टाकले, बाहेर ऊन मी म्हणत होतं, म्हणून सगळे त्या दारात थंडाव्याला पाय पसरून बसले होते, आणि त्यांच्यात मुकेशही. दार लागलं. मग आम्ही दोघं फोनमध्ये डोकी घालून तो आकडा जागेवर येताना पाहत बसलो, लेकराचा ताप उतरताना पाहावा तसे. आकडा जिथं हवा तिथं आला आणि थांबला. हे मोठ्यानं हसले. इतकं मोठ्यानं, की काठावरची माणसं वळून पाहायला लागली.

म्हणाले, "सुलोचना, मी पवनारात बसून कारंज्याचं दार लावलं."

जिंकले मी. सवतीला हरवलं. उरलेली भाकर मी राणीसारखी खाल्ली, लोणच्याला बोट लावून लावून खाल्ली.

परतीचा रस्ता तुमच्या आंजीवरूनच. तुमच्या घरासमोर यांनी जीप थांबवली. इंजिन बंद केलं नाही. अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते, तुझी निळी साडी दोरीवर होती. हे नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "कमल माह्यासारखीच आहे. मोडेन पण वाकणार नाई." मी म्हटलं, दोघंही नाही वाकले तर पोरीले मांडवात कोण आणीन? यांनी जीप पुढं काढली. काल सकाळी चहा घेताना स्वतःहून म्हणाले, मी जातो. मोठा मी आहो, वाकाचं मले आहे.

तर हे असं आहे. वर लिहिलं ना, पत्रिकेसाठी लिहीत नाही, ते खोटं होतं. गिरणीवरून आले त्या दिवशी मी दळणाच्या डब्यावर डोकं ठेवून रडले. मला नाही बोलावलंस तरी चालेल, मी मशीनच्या खोलीत बसेन आणि आनंदानं बसेन. पण सपनाला तिच्या मामानंच मांडवात आणावं.

या पाकिटावर तिकीट नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. पोस्टमन आणणार नाही हे. मी यांना म्हटलं, दार वाजवा. म्हणाले, तेवढा हक्क नाई राह्यला माह्या. म्हणून हे पाकीट दाराखालून सरकवून ते समोरच्या कडुलिंबाखाली जीपमध्ये बसणार आहेत. चेंबर काठोकाठ भरले आहेत, संत्रा वरपर्यंत रचलेला आहे आणि तुझा भाऊ तुझ्या दारात आहे. फोन वाजला तरी ते उठणार नाहीत. आज टिकेनचा फोन मी उचलणार आहे, त्यांच्याच खाटेवर बसून.

खिडकीतून एकदा पाहा. शिव्या द्यायच्या असतील तर दे, हक्कानं दे, फक्त आधी पाणी दे. ऊन फार आहे.

वाकून लिहिणारी, आणि अजून टिकून असलेली,
तुझी वहिनी,
माहेरची पुष्पा, तुमच्या घरची सुलोचना