खुर्च्यांची अदलाबदल

३ ऑक्टोबर
लॉटरीच लागली म्हणायची! राहायला खोली, दोन वेळचं जेवण आणि काम काय, तर घरच्या मुलीची दहावीची तयारी करून घ्यायची. माझी स्वतःची शेवटच्या वर्षाची परीक्षा अठरापासून आहे, ते आधीच सांगून ठेवलंय. मुलीची आई, म्हणजे काकू, भारी गोड बोलतात. मुलगी मला ताई म्हणते. दहावीच्या मानाने चांगलीच थोराड दिसते, पण असेल एखादं वर्ष गेलेलं. अभ्यासाच्या खोलीला कडी बाहेरून आहे. परीक्षेच्या घरात शिस्त हवीच, असं काकूंचं म्हणणं.

६ ऑक्टोबर
पोरगी तोंडच उघडेना. शेवटी माझी हुकमी युक्ती काढली. खुर्च्या बदलायच्या, ती बाई, मी विद्यार्थिनी. तिने शिकवायचं, मी मुद्दाम चुकायचं. दुसऱ्याला समजावता समजावता आपलं पक्कं होतं. काय खुलली म्हणून सांगू! काकूही खूश. म्हणाल्या, बरं झालं तुझं तुलाच सुचलं, आम्हाला सांगावं लागलं नाही. जाताना मुलीच्या हातात लाकडी पट्टी ठेवून गेल्या.

१० ऑक्टोबर
आज माझं उत्तर बरोबर होतं. ती म्हणाली, चूक. पट्टी सरळ बोटांच्या पेरांवर बसली. मी चिडून उठले, तर दाराला कडी. पलीकडून काकूंनी शांतपणे सांगितलं की बाई म्हणतील तेच बरोबर, आणि चुकणाऱ्याला जेवण नाही. फोन कालच मागून घेतलाय, अभ्यासात लक्ष लागावं म्हणून. आणि मी शहाणीने दिला.

१४ ऑक्टोबर
तीन आणि चार सात — चूक. पुन्हा सात — चूक. बोटं सुजलीत, पेन धरवत नाही. शेवटी नऊ म्हटलं. ताट आलं. मी ते चाटूनपुसून खाल्लं, लाज वाटली नाही.

१८ ऑक्टोबर
आज माझा पेपर. ओरडून ओरडून घसा बसला, कोणी —
बाई झालेली ती मुलगी माझ्या कानाशी आली. "मीपण शिकवायलाच आले होते," म्हणाली. "तू तयार झालीस की मला सोडतील."
रडत होती. पट्टी मात्र खाली ठेवली नाही.

२५ ऑक्टोबर
सोडलं तिला. मागे वळूनसुद्धा — काकूंनी तिचा गणवेश मला घातला. आता लेक मी.

२ नोव्हेंबर
नवी ताई. हसरी. कडी दिसली नाही तिला. सांगायला हवं — काकू दारात —

५ नोव्हेंबर
खुर्च्या तिनेच बदलल्या. तीन आणि चार सात, म्हणाली. बरोबर आहे. बरोबर आहे, मला माहितीय. काकू बघतायत. मला घरी जायचंय. मी पट्टी उचलली आणि म्हणाले —